गोठवलेलं खातं

नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या अपूर्वाचं बँक खातं सोमवारी गोठवलं गेलं. बँकेतल्या बाईंनी तिच्यापुढं कागद सरकवला. "परराज्यातल्या पोलिसांचं पत्र आहे, मॅडम. तुमच्या खात्यातून जुगाराचा पैसा फिरलाय."

अपूर्वाला लगेच उमगलं. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली, तसे साइटवाले रुपये सोडून क्रिप्टो, म्हणजे आभासी नाणी, मागायला लागले. खेळणाऱ्यांचे रुपये घेऊन त्यांना क्रिप्टो देणारा एक माणूस लातुरात होता: तिचाच थोरला भाऊ अमरेश. वडील गेल्यावर त्यानंच तिला शिकवलं. त्यानं वापरायला तिचं खातं मागितलं तेव्हा कशाला म्हणून तिनं विचारलं नाही. मधल्या सुट्टीत त्याचा फोन यायचा आणि ती ओटीपी सांगायची.

त्याच दुपारी ती लातूरला गेली.

"पैसा कॉइन होऊन देशाबाहेर गेला, आपू. कुणाला सापडत न्हाई," अमरेश म्हणाला. "तू सांग, फोन चोरीला गेलता."

"दादा, फोन माझ्याच हातात होता. शंका यायची मला. तरी मी सांगत राहिले."

"मग माझं नाव घेणार? आईला काय तोंड दाखवशील?"

तेवढ्यात आईनं ताटं वाढली. अपूर्वा अर्ध्या भाकरीवरच उठली आणि तिनं नांदेडची बस धरली.

दुसऱ्या दिवशी नांदेडला सायबर पोलिसांपुढं तिनं सगळं सांगितलं, भावाच्या नावासकट. आता तरी मोकळं वाटेल, असं तिला वाटलं होतं. जबाब लिहून घेणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "भावावर कारवाई होईल. पण खातं तुमचं, ओटीपीही तुम्हीच दिला. आरोपींत तुमचंही नाव राहणार."

"खरं सांगूनही?"

"सांगितलं ते बरं केलंत. पण तेवढ्यानं सुटका न्हाई होत."

अपूर्वानं सही केली. कॉलेजनं तिला चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं. भावाचा फोन येईना, आणि आपण करायचा तिला धीर होईना.

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. "आपू, अमरेशला पोलीस घेऊन गेले गं. तुझ्या वळखीचं कुणी हाय का तिथं?"

"आई, त्याचं नाव मीच सांगितलं."

फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.