कीवहून आलेली डुलणारी बाहुली

मी रेवतीची लाल बाहुली बोलतेय. आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावच्या हॉस्पिटलात, तिच्या मांडीवरच्या पिशवीत बसलेय. माझं बूड जड आहे. कितीही आडवी पाडा, मी डुलत डुलत उभी राहते आणि पोटातली घंटी वाजते. आत्ता मात्र कुणी हलवू नका बाई, जीव मुठीत धरून बसलेय.

आज एक मे, दोन हजार सात. रेवतीला तीस वर्षं पूर्ण झाली.

माझा जन्म सोव्हिएत कारखान्यातला. रेवतीचे बाबा तेव्हा कीवमध्ये इंजिनिअरिंग शिकत होते. तिचा नववा वाढदिवस, शहाऐंशी साल. आईनं शिरा केला, औक्षण केलं आणि मला तिच्या हातात दिलं. मग सगळे मे दिनाची मिरवणूक बघायला गेलो. काय सुरेख ऊन पडलं होतं! रेवतीनं मला दिवसभर धुळीत डुलवलं. चर्नोबिलची अणुभट्टी पाच दिवसांपूर्वीच फुटली होती, पण आम्हाला कुणी धड काही सांगितलंच नव्हतं.

आठवड्याभरानं कळलं, तेव्हा आईनं फ्रॉक, बूट, खेळणी सगळं फेकलं. "ती बाहुलीपण टाक!" रेवतीनं मला उशीच्या अभ्र्यात लपवलं. पण त्यानंतर तिनं मला कधी कुशीत घेतलं नाही. मला भ्यायची ती. खरं सांगू, मीही स्वतःला भ्यायचे.

लग्नानंतर हरीशबरोबर ती इथे आयर्लंडला आली. मी स्वयंपाकघरातल्या कपाटात, वरच्या फळीवर, पार मागे. एकदा सरकारनं घरोघरी आयोडीनच्या गोळ्या पोस्टानं पाठवल्या, समुद्रापलीकडच्या अणुकेंद्रात काही झालंच तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाचावी म्हणून. शेजारीण हसली, "इट'ल बी ग्रँड!" म्हणजे काही होत नाही गं. रेवतीचा हात मात्र गळ्याशी गेला. पाकीट तिनं माझ्या शेजारी ठेवलं. यंदा हिवाळ्यात हॉस्पिटलचं एक पत्र आलं, तेही माझ्यामागे सरकवलं. हरीशला अवाक्षर बोलली नाही.

परवा रविवारी तिची पाच वर्षांची सानिका बिस्किटं शोधत खुर्चीवर चढली आणि मला थेट गालाला लावलं! रेवती किंचाळली. "टाक ते! हात धू आधी!" मला कचऱ्याच्या पिशवीत कोंबलं. संपलं माझं, म्हटलं.

"अगं, मोजून तर बघू," हरीश म्हणाला. त्याच्या कारखान्यात किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र असतं. साहेबांना विचारून काल संध्याकाळी ते घरी आणलं. रिकाम्या टेबलावर जेवढी टकटक, तेवढीच माझ्याजवळ. माझ्यात काहीच नव्हतं. अगं बाई, एकवीस वर्षं उगाच भ्यायले!

"नाऊ डू आई!" सानिका ओरडली.

हरीशनं हसत यंत्र रेवतीच्या गळ्याशी नेलं. तिनं त्याचा हात धरला.

"यात नाही कळायचं, हरीश. इथे गाठ आहे. तपासायला उद्याची तारीख दिलीय."

आणि ते पत्र काढून दिलं.

ही मला टाकून देईल, म्हणून मी इतकी वर्षं भ्यायले. आता भीती एवढीच, की मला सांभाळायला ही राहील ना? तुम्हीही असं काही फळीवर मागे सरकवलं असेल, तर काढा हो. घरात कुणाला तरी दाखवा.

नर्सनं रेवतीचं नाव पुकारलं. तिनं मला पिशवीतून काढलं, घट्ट कुशीत धरलं आणि हरीशच्या हातात दिलं. "सांभाळ रे, पाडशील."

"पडली तरी उभी राहते ती."

"माहितेय. म्हणून तर आणली."

दार लागलं. मी अगदी गप्प आहे, तरी घंटी वाजतेच आहे. हरीशचे हात थरथरतायत.