लाखेच्या पाकिटातला पासवर्ड

माझं नाव तेवढं विचारू नका, मित्रांनो. मी एक जुना पासवर्ड आहे, आणि आमच्यात नाव सांगितलं की नोकरी गेलीच म्हणून समजा. मी अकरा अक्षरांचा आहे, त्यात काही आकडेही आहेत, एवढ्यावर भागवून घ्या. बाकी सगळं सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी सावेडीतल्या एका फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर माझा जन्म झाला. मला घडवलं नृसिंहरावांनी. राहात्याच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं होतं. निवृत्त झाले तेव्हा त्यांना दोन गोष्टी मिळाल्या, एक शाल आणि दुसरा दमा. "चौतीस वर्षं कागदाची धूळ खाल्ली, आता घरात कागद नको," असं म्हणून त्यांनी बँक, पेन्शन, वीजबिल, विमा सगळं कॉम्प्युटरवर नेलं. त्यांची मुलगी निवेदिता पुण्यात असते. तिने त्यांना घरखर्च सांभाळणारा एक प्रोग्राम घालून दिला. त्या प्रोग्रामच्या पोटात एक तिजोरी होती. तिच्यात इतर सगळे पासवर्ड ठेवायचे आणि तिच्या दाराला एकच मोठा पासवर्ड लावायचा. तो मोठा पासवर्ड म्हणजे मी.

मी सहजासहजी जन्मलो नाही. आधी नृसिंहरावांनी स्वतःचं नाव घातलं. प्रोग्राम म्हणाला, कमकुवत. जन्मतारीख घातली. पुन्हा कमकुवत. ते असे भडकले की बस्स!

"चौतीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये मला कोणी कमकुवत म्हटलं नाही!"

"माझं नाव घाला," स्वयंपाकघरातून सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या त्यांच्या पत्नी.

"तुझं नाव अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे."

मग ते खिडकीबाहेर बघत बसले, स्वतःशीच हसले आणि त्यांनी मला टाइप केलं. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा भंडारदऱ्याला गेले होते, त्या दोन दिवसांतलं काहीतरी माझ्यात आहे. याच्या पुढे मी तोंड उघडणार नाही.

माझं राहणं नृसिंहरावांच्या डोक्यात. तिथून मी त्यांच्या बोटांत उतरायचो आणि पडद्यावर पोचेपर्यंत माझे अकरा काळे ठिपके व्हायचे. दार उघडायचं, आणि तिथेच माझं काम संपायचं. आत काय आहे ते मला कधी दिसलंच नाही! मला याचं फार कुतूहल वाटायचं. ज्यासाठी एवढा जपून ठेवतात मला, ते असतं तरी कसं? सोनंनाणं असेल का? की एखादं गुपित? नऊ वर्षं मी दारात उभा राहून हाच विचार करत होतो.

त्यांनी मला एका कागदावरही लिहून ठेवलं होतं. त्याला ते दुय्यम किल्ली म्हणत. त्यांच्या कचेरीत तिजोरीची दुसरी किल्ली लाखेची मोहर लावून ठेवत आणि दर एप्रिलमध्ये ती काढून, तपासून, पुन्हा मोहरबंद करत. घरीही तसंच. एप्रिल आला की पाकीट निघायचं, कागद तपासला जायचा, आणि गॅसवर लाख वितळायची.

"लाखेला माझाच चमचा बरा सापडतो तुम्हाला," सरोजिनीबाई दरवर्षी म्हणायच्या आणि दरवर्षी पाकिटावर साक्षीदार म्हणून सही करायच्या. "अहो, पण आत लिहिलंय काय?"

"वेळ आली की कळेल."

"वेळ यायच्या आधी शिकवा की मला ते सगळं."

"शिकवतो, शिकवतो. एकदा निवांत बसू."

ते निवांत बसणं काही आलं नाही, मित्रांनो. कधी पाहुणे, कधी पेन्शनची कामं, कधी नुसताच कंटाळा.

गेल्या नोव्हेंबरात ज्येष्ठ नागरिक संघात ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान झालं. पासवर्ड बदलत राहा, असं वक्त्याने सांगितलं. नृसिंहराव घरी आले, बूटही न काढता कॉम्प्युटरसमोर बसले, आणि दहा मिनिटांत मी निवृत्त! ना निरोप समारंभ, ना नारळ. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या जागी आलेला नवा मी पाहिलाही नाही.

"मग त्या पाकिटातला कागद?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"दुय्यम किल्ली एप्रिलमध्येच बदलायची. नियम आहे."

"घरात कसला आलाय नियम?"

"नियम घरात आणि कचेरीत वेगळे नसतात."

असा मी लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, लाखेच्या मोहरेआड पडून राहिलो. नवा पासवर्ड मात्र एकाच ठिकाणी होता, नृसिंहरावांच्या डोक्यात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी पेपर वाचता वाचता नृसिंहराव खुर्चीतून कलंडले. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, पण उजवा हात आणि वाचा गेली. दवाखान्यात एकच शब्द तेवढा पुन्हा पुन्हा तोंडातून निघायचा. "चौदा." पाणी दिलं तरी चौदा, उशी सारखी केली तरी चौदा. पुण्याहून धावत आलेल्या निवेदिताला वाटलं, खाटेचा नंबर सांगताहेत. डॉक्टरांना वाटलं, मेंदूचा घोटाळा. आठवडाभर कोणाला काही उमजलं नाही.

भोगीच्या दिवशी दुपारी दोघी मायलेकी घरी आल्या. सरोजिनीबाई तीळ भाजायला घ्यायच्या म्हणून डबा काढत होत्या, आणि एकदम थांबल्या.

"निवेदिता, चौदा म्हणजे उद्या! गेल्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन उभी होते यांच्यामागे, आणि हे म्हणाले, थांब, आधी मेडिक्लेमचा हप्ता, आज शेवटची तारीख."

आता सांगतो अडचण काय होती. सतरा तारखेला नृसिंहरावांच्या मानेतल्या शिरेची शस्त्रक्रिया ठरली होती. हप्ता चुकला असता तर विमा बंद पडला असता आणि शस्त्रक्रियेच्या खर्चाला त्याचा उपयोग झाला नसता. दवाखान्यातही पहिल्या दिवसापासून कंपनीचं नाव विचारत होते. पण कंपनी कुठली, नंबर काय, हे सगळं त्या तिजोरीत. घरात कागदाचा कपटा नाही. नृसिंहरावांचा फोन जुना, बटणांचा. त्याची मेसेजची पेटी केव्हाच भरलेली, त्यामुळे कंपनीची आठवणही त्यात शिरली नव्हती.

"आई, ते पाकीट!" निवेदिता म्हणाली.

मोहर फुटली. उजेडात आल्यावर मला आधी दिसल्या सरोजिनीबाई. त्यांनी मला वाचलं, "अगं बाई," एवढंच म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या. मला भारी वाटलं! मी पुन्हा कामावर निघालो होतो. निवेदिताच्या बोटांतून मी दारापाशी गेलो, अकरा ठिपके होऊन ऐटीत उभा राहिलो.

पासवर्ड चुकीचा आहे.

तिने पुन्हा, एकेक अक्षर बघून टाइप केलं. तेच उत्तर. मित्रांनो, मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"बाबांनी बदलला होता का गं?"

"बदलला होता. पाकीट एप्रिलमध्ये बदलणार होते," सरोजिनीबाईंचा आवाज अगदी बारीक झाला.

पासवर्ड विसरलात का, असं एक बटण तिथे होतं. निवेदिताने ते दाबलं, तर प्रोग्रामने बजावलं की नवा पासवर्ड देता येईल, पण तिजोरीतलं सगळं पुसलं जाईल. तिने चटका बसल्यागत हात मागे घेतला.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. राहात्याहून सहादेव आले होते. नृसिंहरावांच्या रेकॉर्ड रूमचे ते शिपाई. हातात पेरूंची पिशवी. वहिनींबरोबर दवाखान्यात जावं, म्हणून एसटीने आले होते. बघतात तर काय, दोघी तोंडं पाडून बसलेल्या. निवेदिताने त्यांना सगळं सांगितलं.

"मला ते कॉम्पुटरातलं काय कळत न्हाई," सहादेव म्हणाले. "पन म्या भाऊसायबांसंगं बावीस वर्सं काढल्यात. नवं रजिस्टर सुरू झालं म्हून त्यांनी जुनं कदी टाकलं न्हाई. दर मार्चला लाल कापडात बांदायचं, वर वर्साची चिठ्ठी. वहिनी, घरात कुटं लाल बस्ता हाय का बगा."

सरोजिनीबाई उठून उभ्याच राहिल्या.

"देव्हाऱ्याखाली आहे! लाल कापडातलं छोटं गाठोडं. मला वाटलं, पोथी आहे. मी दर गुरुवारी हळदकुंकू वाहते त्याला!"

निवेदिता इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. गाठोडं सोडलं तर आत एक पेन ड्राइव्ह निघाला, हळदीने पिवळा झालेला, आणि त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. "३१ मार्चअखेर." दरवर्षी हिशेबाची पूर्ण प्रत काढून ठेवली होती त्यांनी, तिजोरीसकट.

"आई," निवेदिता हळूच म्हणाली, "पासवर्ड बदलला नोव्हेंबरात. ही प्रत मार्चमधली. मार्चमध्ये तिजोरीला कुठला पासवर्ड होता?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

सहादेवांनी पेन ड्राइव्ह धोतराच्या सोग्याने पुसून दिला. मी पुन्हा निघालो. या वेळी ऐट नव्हती. अकरा ठिपके. क्षणभर काहीच नाही. आणि दार उघडलं!

निवेदिता मोठ्याने वाचत होती म्हणून मला नऊ वर्षांत पहिल्यांदा आतलं कळलं. बँक. पेन्शन. वीज. गॅस. पाणीपट्टी. मेडिक्लेम, कंपनीचं नाव, पॉलिसीचा नंबर, पासवर्ड. सोनंनाणं काही नव्हतं. एका घराचा रोजचा गाडा होता नुसता, आणि तो बघून मी मुळीच हिरमुसलो नाही.

मेडिक्लेमचा पासवर्ड मार्चनंतर बदललेला नव्हता. कंपनीने ओटीपी पाठवला, पण बटणांच्या फोनात जागा कुठे? फोन सहादेवांकडे दिला.

"वहिनी, समदे सकाळचे सुविचार हायेत. पुसू?"

"पुसा! सगळे पुसा!"

ओटीपी आला आणि निवेदिताने हप्ता भरला. पावतीचा नंबर सरोजिनीबाईंनी स्वतः कागदावर उतरवला.

तिजोरी बंद करताना निवेदिताला तळाशी एक रकाना दिसला. शेरा. त्यात लिहिलं होतं, "सरोजिनीस शिकवणे. राहिले." तिने आदल्या वर्षीची प्रत उघडली. "सरोजिनीस शिकवणे. राहिले." त्याच्या आदल्या वर्षीही तेच. दर मार्चला माणसाने एकच ओळ इमानदारीने लिहिली होती.

"विसरले नव्हते हो," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. त्या झटक्यापासून त्या रडल्याच नव्हत्या. मलाही राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. पर्समध्ये तिळगूळ आणि मी, सोबत मुक्कामाला राहिलेले सहादेव, असे आम्ही दवाखान्यात गेलो. सरोजिनीबाई नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. "चौदाचं काम झालं. हप्ता भरला." नृसिंहरावांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळाने श्वास सोडला. मग ओठ हलवायला लागले. "न... न..."

"नवा आठवत नाही ना? राहू द्या. जुना आला कामाला." त्यांनी माझा कागद समोर धरला.

नृसिंहरावांनी माझ्यावर डावं बोट ठेवलं. आणि मित्रांनो, जो शब्द जगात कोणी उच्चारायचा नाही म्हणून जन्माला घातला, तो त्यांनी मोठ्याने म्हटला. अडखळत, लाळ गाळत, एकेक अक्षर करत, अकराच्या अकरा. नर्ससुद्धा वळून बघायला लागली.

"भाऊसायब, हळू की!" सहादेव म्हणाले. "लोकं ऐकत्यात!"

नृसिंहराव हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. फेब्रुवारीत ते घरी आले. आता कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत सरोजिनीबाई बसतात आणि शेजारच्या खुर्चीत नृसिंहराव. निवेदिताने तिजोरी नव्याने मांडून दिली आणि तिचा पासवर्ड सरोजिनीबाईंनी ठरवला. त्याच दिवशी तो कागदावर लिहिला, पाकिटात घातला आणि लाख वितळायला ठेवली.

"ए... एप्रिल..." नृसिंहराव म्हणाले.

"तुमचा एप्रिल राहू द्या कचेरीत. करा सही, साक्षीदार म्हणून."

त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. मग भुवया उंचावून विचारलं, आत काय?

"वेळ आली की कळेल," सरोजिनीबाई म्हणाल्या. पण त्यांना लगेच हसू फुटलं आणि त्यांनी त्यांच्या कानात सांगून टाकलं. मार्चअखेरची प्रतही त्यांनीच काढली. शेऱ्याच्या रकान्यात आता दोनच शब्द आहेत. "सरोजिनी शिकली."

मी हल्ली देव्हाऱ्याखाली असतो, त्या लाल बस्त्यात, पेन ड्राइव्हच्या शेजारी. गुरुवारचं हळदकुंकू अजून पडतं आमच्यावर. तुमच्या घरातही माझा कोणी भाऊबंद एकाच माणसाच्या डोक्यात राहत असेल. त्या माणसाला आज संध्याकाळी विचारा, तुझ्यानंतर हे दार कोण उघडेल? पासवर्ड परक्याला सांगू नका, पण घरातल्या एका भरवशाच्या माणसाला त्याची वाट माहीत असू द्या. कुलूप ज्या दिवशी बदलाल, पाकीटही त्याच दिवशी बदला. निवांत वेळेची वाट बघत बसू नका.

आणि हो, माझं नाव अजूनही विचारू नका. जुन्या आठही वर्षांच्या प्रती माझ्याच ताब्यात आहेत.