डब्याचं सील

इस्त्री जास्त तापली असती तर डब्याच्या तोंडावरची चंदेरी पन्नी करपली असती, म्हणून मी इस्त्री आधी ओल्या फडक्यावर दोनदा फिरवून घेतली. मग पन्नी काठावर नीट बसवली, वर रुमाल टाकला आणि इस्त्रीचं टोक कडेकडेने गोल नेलं. माझी बायको माणिक समोरच्या अक्कांकडे वाती वळायला गेली होती. चार वाजेपर्यंत येणार नव्हती. पन्नी गार झाल्यावर मी तिच्यावरून नख फिरवून पाहिलं. कुठेही सुरकुती नव्हती. कारखान्यात लावतात तसंच सील लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटला.

एकतीस वर्षं मी मध्य प्रदेशच्या वीज खात्यात मीटर तपासणीस होतो. देवासच्या कारखान्यांपासून बागली-खातेगावच्या आटाचक्क्यांपर्यंत लोकांची सीलं बघत फिरलो. मीटरला तार ओवून शिशाचं सील लावलेलं असतं. चोर माणूस तार कापतो, मीटर मागे फिरवतो आणि तार अशी जोडतो की डोळ्यांना कळू नये. माझ्या बोटांना कळायचं. नवं सील लावताना ग्राहकाने समोर उभं राहून बघायचं आणि मग कागदावर सही करायची, असा नियम होता. पुष्कळ तपासणीस तो पाळत नसत. मी पाळायचो, शेठ जेवत असला तर त्याला ताटावरून उठवायचो. या नोकरीने माझा स्वभाव संशयी झाला असं माणिक म्हणते. स्वभाव आधीपासूनच तसा होता, खात्याने फक्त त्याचा पगार दिला.

तर त्या डब्याची गोष्ट. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात आमच्या मागच्या घराच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला. महिन्याभरात माणिकचं डोकं दुखायला लागलं. पडल्यावर कानाच्या मागे बारीक घूंऽघूं ऐकू येतं, झोप लागत नाही, म्हणाली. मी हसलो. म्हणालो, अगं, मी जन्मभर एक लाख बत्तीस हजार व्होल्टच्या तारांखाली उभा राहिलो, माझा केस वाकडा झाला नाही. तिने माझ्या टकलाकडे एकदा पाहिलं, पण हसली नाही. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि दुखणं थांबलं असं मी धरून चाललो.

मग उदाजीराव आले. हे मूळचे धारच्या एका जुन्या सरदार घराण्यातले, वर्षानुवर्षं देवासला राहणारे. अंगात बंद गळ्याचा कोट, बोलणं मऊ, मराठी आमच्या आजोबांच्या वेळची. मराठी मंडळात त्यांना फार मान. निवृत्तीनंतर ते कुठल्याशा कंपनीचं ‘तरंगकवच’ नावाचं चूर्ण विकू लागले होते. टॉवर, टीव्ही, मोबाइल यांच्या तरंगांपासून शरीराचं रक्षण करणारं, असं डब्यावर छापलेलं. अश्वगंधा, गुळवेल आणि इतर बावीस वनौषधी. त्या ‘इतर’ शब्दापाशी मी लगेच अडलो.

पण उदाजीरावांनी चूर्णाचं नाव तासभर काढलंच नाही. ते माणिकसमोर बसले आणि म्हणाले, “वहिनीसाहेब, झोप स्वस्थ लागते ना?” एवढंच विचारलं, आणि ती बोलायला लागली. तिचं दुखणं नेमकं कुठून सुरू होतं, कुठे जातं, किती वाजता वाढतं, हे मला त्या दिवशी वर्तमानपत्राच्या आडून पहिल्यांदा कळलं. उदाजीराव मान हलवत ऐकत होते. माणूस किती मुरलेला आहे, असंच माझ्या मनात आलं. ते गेले तेव्हा डबा टेबलावर होता.

दोन-तीन आठवड्यांत माणिकचे हात कापायला लागले. दुधाचं पातेलं उतरवताना ते काठाकाठाने हिंदकळायचं. एकदा गच्चीवरून कपडे आणताना ती छातीवर हात ठेवून जिन्यातच बसली. मी चूर्ण बंद कर म्हणालो. औषध आधी आतला त्रास वर काढतं, असं उदाजीरावांनी सांगितलं होतं म्हणे. मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छातीचा आलेख काढला आणि आणखी काही घेता का विचारलं. माणिकने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबला आणि ‘कुछ नहीं’ म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर खोटं का बोललीस विचारलं, तर म्हणाली, “तुम्ही दोघं मिळून हसला असता.”

मग मी माझ्या पद्धतीने तपासणी सुरू केली. औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम केलेले गोपाळराव आमच्या ओळखीचे. त्यांनी चिमूटभर चूर्ण पाण्यात टाकलं, तळहातावर घासलं, हुंगलं. पानं-मुळं आहेतच, पण त्यांच्याबरोबर काय कुटलंय हे नुसत्या नाकाने सांगता येणार नाही म्हणाले. मी तुमच्या जागी असतो तर बायकोला दिलं नसतं, असंही म्हणाले. डब्यावर इंदूरचा पत्ता होता. बसने जाऊन तो शोधला. त्या घरनंबरावर शिकवणीचे वर्ग चालत होते आणि कंपनीचं नाव जिन्यातल्या पानवाल्यालाही माहीत नव्हतं. घरी येऊन माणिकला हे सांगितलं. ती म्हणाली, पत्ता बदलला असेल, तुम्हाला तर सगळे चोरच दिसतात.

त्याच आठवड्यात नवा डबा आला, आणि मी पन्नी वाफेवर धरून सोडवली. आतलं चूर्ण मोरीत ओतलं. बाजारातून सातूचं पीठ आणलं होतं, त्यात वाळवलेला पुदिना आणि मेथी कुटून रंग जमेपर्यंत मिसळली. डबा भरला आणि इस्त्री काढली. मनात भीती अशी नव्हतीच. एक उपाय सापडला होता आणि तो कुणालाही कळणार नव्हता.

हातांचा कंप आठ दिवसांत थांबला. पुढचं मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. तिचं डोकं दुखणंही कमी झालं. झोप लागायला लागली. मी रोज सकाळी चहा तिच्यापुढे ठेवायचो आणि विचारायचो, “झोप लागली का?” ती सांगायची, तीनला जाग आली, मग पुन्हा लागली. कधी सांगायची, आज तर एकदम पाचलाच. मी मनातल्या मनात टिपून ठेवायचो, मीटरचं रीडिंग घ्यावं तसं. मग आम्ही टेकडीच्या पायथ्यापर्यंत फिरून यायचो, कारण तिची धाप मला बघायची होती. वाटेत ती खूप बोलायची. इतकी वर्षं ही एवढं बोलते हे मला ठाऊक नव्हतं.

एकदा तिने उदाजीरावांना सांगितलं की ह्या डब्याची चव जरा सौम्य आहे. ते क्षणभरही न थांबता म्हणाले, नवा माल आहे, अधिक शुद्ध. मला एवढा आनंद झाला की मी उठून त्यांना दुसरा चहा करून आणला. चोर सापडला होता. फक्त पंचनामा कुणासमोर करायचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याची घाई नव्हती. असे चार डबे गेले.

संक्रांतीच्या आठवड्यात अक्का आमच्याकडे आल्या. अक्का म्हणजे आमच्या गल्लीच्या थोरल्या, वय बाहत्तर, घरात एकट्या. तीन वर्षांपूर्वी रक्तदाब चढून त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. तेव्हापासून रोज सकाळी एक गोळी, कमरेच्या पितळी डबीतून. त्यांनी ती डबी माझ्यासमोर ठेवली, रिकामी.

“नीलकंठ, ही अंग्रेजी गोळी मी आता बंद करून टाकली. उद्या मंडळात उदाजीरावांकडून डबा घेते. माणिकला कित्ता फायदा झाला, मी रोज पाहून राहिली आहे ना.”

मी म्हणालो, अक्का, डॉक्टरला विचारल्याशिवाय असं करू नका. त्या म्हणाल्या, तू तर भैया, देवावर पण सील बघशील. माणिक हसली. तिने उदाजीरावांना शब्द दिला होता की मंडळाच्या तिळगूळ समारंभात ती आपला अनुभव सांगेल. तिने कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं. गेले चार दिवस ती आरशासमोर पुटपुटत होती.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला सांगितलं. रात्री धीर झाला नाही. ती काळी चंद्रकळा नेसत होती, पदराला पिन लावायची राहिली होती. मी एका दमात सगळं बोललो. गोपाळराव, इंदूरचा पत्ता, सातू, पुदिना. तिचा हात पिनेवर तसाच राहिला.

“कधीपासून?”

“सप्टेंबरपासून.”

“चारही डबे?”

मी मान हलवली.

“आणि सील?”

“मी लावलं.”

ती रडेल, भांडेल, निदान पलंगावर बसेल असं मला वाटलं होतं. तिने पिन लावली, आरशात पदर पाहिला आणि म्हणाली, “रिक्षा बोलवा.”

मंडळाच्या हॉलमध्ये मी मागच्या रांगेत बसलो. अक्का पुढे होत्या, मांडीवर पिशवी. व्यासपीठाच्या टेबलावर डब्यांचा ढीग रचलेला. माझा संशय अजून सुटला नव्हता. मला वाटत होतं, ही ठरलेलंच बोलेल. आपली लाज कोण चव्हाट्यावर मांडतं? एकतीस वर्षांत एकाही माणसाने स्वतः येऊन माझं सील तुटलंय असं सांगितलं नव्हतं. उदाजीरावांनी तिची ओळख करून दिली, टाळ्या झाल्या आणि ती उभी राहिली.

“चार महिने मी तरंगकवच घेतलं, असं तुम्हा सगळ्यांना वाटतं,” ती म्हणाली. “मला पण तेच वाटत होतं. त्या डब्यात सातूचं पीठ होतं. आमच्या ह्यांनी घरी भरलं होतं.”

हॉलमध्ये हसू फुटलं. मागे वळून लोक माझ्याकडे बघायला लागले. ती हसू संपेपर्यंत थांबली.

“डोकं दुखत होतं ते खरं होतं. झोप लागली ती पण खरी. कशाने लागली, मला नाही माहीत. हे रोज सकाळी विचारायचे, झोप लागली का. मला वाटायचं...” तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “जाऊ द्या. अक्का, तुम्ही गोळी सोडू नका. माझं पाहून तर बिलकुल नको.”

ती खाली येऊन अक्कांशेजारी बसली. अक्कांनी पिशवीतून पितळी डबी काढली, उघडून पाहिली, पुन्हा ठेवली. लोकांनी तिळगूळ वाटायला घेतला. डब्यांच्या ढिगाकडे कुणी गेलं नाही.

माझ्या मनासारखं सगळं झालं होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. दाराशी उदाजीरावांनी मला गाठलं. माझ्या हातावर तिळगूळ ठेवत ते म्हणाले, “नीलकंठराव, मी स्वतः नित्य दोन चमचे घेतो हो.” त्यांची बोटं माझ्या तळहातावर थरथरत होती. वयाने असेल, किंवा नसेल. ते चूर्ण सोडून द्या, एकदा डॉक्टरकडे जाऊन या, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी नमस्कार केला. चार महिने ज्याला चोर म्हणून पकडायचं ठरवलं होतं, त्याच्या डोळ्यांत मला काही सापडलं नाही. खोट्या सीलाचं घर त्या हॉलमध्ये एकच होतं, आणि ते माझं होतं.

अक्कांची गोळी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. औषधाच्या दुकानातून मीच आणून दिली. माणिक पुढच्या आठवड्यात एकटीच डॉक्टरकडे गेली. काय झालं ते मी विचारलं नाही. घरात बोलणं बंद झालं नाही, जेवायला वाढणं, भाजी काय आणायची, सगळं चालू होतं. फक्त सकाळी चहा पुढे ठेवल्यावर माझ्या तोंडापर्यंत प्रश्न यायचा आणि तिथेच थांबायचा. तोंडातून निघाला असता तर तिला तो रीडिंग घेतल्यासारखाच वाटला असता. टेकडीकडे मी एकटा जायला लागलो. तिला झोप लागते की नाही, ते आता मला माहीत नाही.

एके सकाळी चहाचं आधण ठेवून मी साखरेचा डबा काढला, तर झाकणाला पांढरा दोरा बांधलेला. चहाच्या डब्याला तसाच. पिठाच्या डब्याला, तिने डॉक्टरकडून आणलेल्या गोळ्यांच्या डबीलासुद्धा. दुहेरी गाठ, टोकं सारखी कापलेली. मी बोटाने चाचपून पाहिली. ती सोडून जशीच्या तशी बांधणं मला दोन मिनिटांचं काम होतं, आणि ते मला येतं हे आठवून मी हात मागे घेतला.

“अगं, साखर देतेस का?” मी हाक मारली.

ती आली. दोरा सोडला, दोन चमचे साखर आधणात घातली, झाकण लावलं आणि पुन्हा गाठ मारायला घेतली. मी बाजूला झालो नाही. ती टोकं ओढून गाठ घट्ट करेपर्यंत, नियमाप्रमाणे, मी समोर उभा राहून बघत होतो.