वाढीव वॉरंटी, कलम एकतीस

आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षं विमा कंपनीत लोकांना नाही म्हणायची नोकरी केली. हुद्दा भारदस्त होता, दावे विभागाचे वरिष्ठ तपासनीस वगैरे, पण काम तेच. कुणाची गाडी बिघडली, भरपाईचा अर्ज आला, की ह्यांनी तो वाचायचा, त्यात खोट काढायची आणि गोड भाषेत पत्र पाठवायचं. ऑफिसात ह्यांना ‘तथापि’ म्हणायचे. ह्यांच्या पत्रात पहिलं वाक्य सहानुभूतीचं असायचं आणि दुसरं ‘तथापि’ने सुरू व्हायचं. मला हे नाव निवृत्तीच्या समारंभात कळलं आणि मी इतकी हसले, की हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी पडदे शिवते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, घरी मशीनवर शिवायचे, आणि परत जाऊन दांडीसकट लावून द्यायचे. दांडी आठ फुटी असते. ती घेऊन बसमध्ये चढून बघा एकदा. मी चढले होते. एका गृहस्थांचा चष्मा उडाला आणि पुढचे दोन स्टॉप अख्खी बस माझा उद्धार करत होती. म्हणून पन्नाशीत गाडी शिकले आणि स्वतःच्या पैशांनी एक वापरलेली गाडी घेतली. पुढची डावी सीट आडवी पाडली की दांडी डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत बरोब्बर बसते. ही गाडी आहे म्हणून माझं काम आहे. गाडी गेली की मी घरी. हे ह्यांना दहादा सांगितलं तर हे म्हणायचे, “अगं, छंद आहे तो तुझा.” पेन्शनमध्ये घर चालतं असं ह्यांना मनापासून वाटतं. किराणा मी आणते, म्हणून वाटतं.

तर गाडी बारा वर्षांची झाली आणि कुरकुरायला लागली. गिअर टाकताना खरखर, चढावर धाप, पार्किंगमध्ये खाली पाण्याचे थेंब. मी मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर काढलं.

“काकू, गाडी चांगली आहे, पण म्हातारी आहे. दोन-तीन वर्षांत पाण्याचा पंप, क्लच, रेडिएटर, एकेक करून निघणार. दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकत चला.”

“आणि ती वाढीव वॉरंटी घेतली तर?” मी विचारलं. घरी तिचा कागद येऊन पडला होता.

“वॉरंटी घेतलेल्यांच्या गाड्या पण मीच दुरुस्त करतो,” तो हात पुसत म्हणाला. “पैसे मात्र खिशातून तेच देतात बिचारे.”

मला तेवढ्यावरून कळलं. ह्यांना कळायला एकोणीस दिवस लागले, आणि कळलं ते उलटंच. कारण वॉरंटी विकणारी कंपनी ह्यांचीच. ‘आमची कंपनी’ म्हणताना ह्यांचा आवाज अजूनही अर्ध्या पट्टीने वर जातो. चव्वेचाळीस पानांची पुस्तिका आली. जेवणाच्या टेबलावर पट्टी, तीन पेन्सिली आणि खोडरबर आले. डाव्या रकान्यात संभाव्य बिघाड, उजव्या रकान्यात खर्च, मधे शक्यता टक्क्यांत. एकोणीस दिवस मी ओट्याशी उभी राहून जेवले, कारण टेबलावर माझ्या क्लचची शक्यता मांडलेली होती.

“घ्यायची,” विसाव्या दिवशी निकाल लागला. “तीन वर्षांची.”

“अहो, गाडीच्या किमतीच्या चौथाई पैसे मागतायत! आणि मिस्त्री म्हणतो—”

“मिस्त्रीला काय कळतंय! लोकांचे दावे का फेटाळले जातात? नियम वाचत नाहीत म्हणून. मी वाचलेत. अर्धे मीच लिहिलेत. मला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय.”

खूप भांडले मी. पण बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस घरात असला की जिंकता येत नाही, थकता तेवढं येतं. पैसे मी दिले.

त्या दिवसापासून गाडी माझी राहिली नाही, पुस्तिकेची झाली. सर्व्हिसिंग ठरल्या तारखेच्या एक दिवस पुढे नाही. हवा भरल्याची पावतीसुद्धा फाइलमध्ये. आणि स्टिअरिंगच्या वर ह्यांच्या टपोऱ्या अक्षरात एक कागद चिकटला: ‘कलम ९. लाल दिवा लागताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे. पुढे चालवल्यास दावा बाद.’ बाजारात जाताना हे मला ते म्हणायला लावायचे. मीही म्हणायची, पाढे म्हणावेत तशी.

आठ महिने काही झालं नाही. मग एका सकाळी अकराच्या सुमाराला मी गाडी भरत होते. शाळेच्या सभागृहाचं काम मिळालं होतं, सव्वीस पडदे. एवढं मोठं काम मला आजवर मिळालं नव्हतं. पहिल्या सहा जोड्या लावून द्यायच्या होत्या. हे मदतीला खाली आले, म्हणजे कसं भरायचं ते सांगायला. सांगता सांगता मधेच गप्प झाले. मी वळून बघितलं तर चेहरा राखेसारखा आणि कपाळावर घाम.

“काही नाही, गॅस झालाय,” हे म्हणाले आणि पायरीवर बसले.

छत्तीस वर्षं बघतेय मी तो चेहरा. गॅसचा चेहरा मला माहीत आहे. रुग्णवाहिकेला फोन लावला, ते म्हणाले पस्तीस मिनिटं. मी ह्यांना मागच्या सीटवर दांडीच्या बाजूला कसंबसं निजवलं आणि गाडी काढली.

पुलावर चढलो आणि लाल दिवा लागला. इंजिन तापल्याचा. मी बघितला. दुर्दैवाने ह्यांनीही बघितला.

“अगं, दिवा!”

“असू दे.”

“थांबव! कलम नऊ!”

“गप्प पडून राहा हो!”

“बंद कर इंजिन! आपला दावा—” आणि पुढचा शब्द आलाच नाही.

मी त्या आठ मिनिटांत जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या जन्मात दिल्या नव्हत्या. ह्यांना दिल्या, ह्यांच्या कंपनीला दिल्या, समोरच्या ट्रकला दिल्या, त्या कागदाला दिल्या. ॲक्सिलरेटरवरचा पाय मात्र हलला नाही. काटा वर टेकला, बॉनेटमधून वाफ यायला लागली, करपल्याचा वास सुटला. रुग्णालयाच्या फाटकात आतून धाडकन आवाज झाला आणि गाडी तिथेच मेली. दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन पळत आले. डॉक्टर नंतर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर आमच्या हातात काही नव्हतं. दोन स्टेंट टाकले. मी बाहेरच्या बाकावर बसून ओक्साबोक्शी रडले आणि मग लक्षात आलं, की गाडी अजून फाटक अडवून उभी आहे.

मिस्त्रीने गाडी ओढून नेली आणि संध्याकाळी फोन केला. “काकू, काका कसे आहेत?”

“आहेत.”

“मग ठीक. इंजिन नाहीये. जाम झालंय. नवं टाकायचं, नाहीतर भंगारात द्यायची.”

नव्या इंजिनची किंमत गाडीच्या पाऊणपट. होते नव्हते ते पैसे स्टेंटमध्ये गेलेले. आणि शाळेला पंचवीस तारखेला सगळे पडदे हवे होते, नाहीतर काम दुसऱ्याला. भाड्याचा टेम्पो विचारला, तर त्याच्या भाड्यात माझी मजुरी संपत होती. राहिली वॉरंटी. हे अजून अतिदक्षता विभागात होते, म्हणून दाव्याचा अर्ज मीच भरला. कंपनीतून एका मुलीचा फोन आला. काय आर्जवी आवाज! ‘मॅडम, दिवा नक्की कुठे लागला?’ मी सांगितलं, पुलावर. ‘तिथून किती मिनिटं गाडी चालवलीत?’ सांगितलं, आठ. ‘थँक यू मॅडम, सरांची काळजी घ्या.’

हे घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी ते बोलून बसले. ह्यांनी सूपचा वाडगा खाली ठेवला.

“खरं सांगितलंस? फाटकात लागला म्हणायचं ना दिवा!”

“अहो, खोटं बोलणारे दावेदार म्हणजे समाजाला लागलेली कीड, हे घरात कोण म्हणायचं?”

“ते दुसऱ्यांबद्दल,” हे म्हणाले, आणि यात काही चुकीचं आहे असं ह्यांना खरोखरच वाटलं नाही.

दहा दिवसांनी पत्र आलं. मी मोठ्याने वाचलं. ‘आपल्यावर ओढवलेल्या कठीण प्रसंगाची आम्हाला पूर्ण जाणीव असून आपल्या कुटुंबाला आरोग्य लाभो ही सदिच्छा. तथापि, कलम नऊ अन्वये…’

हे उशीला टेकून ताठ बसले. “दाखव इकडे. हे वाक्य माझं आहे. सदिच्छेपर्यंत सगळं माझं. अजून तेच वापरतात!”

आणि खरं सांगते, ह्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा कौतुक होतं. स्वतःच्याच लाठीने डोकं फुटलं आणि हा माणूस लाठीचं पॉलिश बघतोय! माझा संयम संपला.

“तुमचं वाक्य चाटू का आता? सव्वीस पडदे पडलेत खोलीत. डोक्यावरून नेऊ? तुमचा जीव वाचवला म्हणून माझी गाडी गेली. त्यात तुमच्या कंपनीची सदिच्छा! तुमच्याच नियमाने, तुमच्याच शब्दांत, आणि पैसे भरलेत मी!”

मला रडू फुटलं. ह्यांनी पत्र परत एकदा वाचलं. मग पत्राची घडी घालून म्हणाले, “कलम एकतीस. पोटकलम क. पान बेचाळीस, तळाला.”

“काय आहे त्यात?”

“माणसाचा जीव वाचवण्यासाठी गाडी चालवत राहणं भाग पडलं असेल, तर कलम नऊ लागू होत नाही. पूर्ण भरपाई मिळते. पण ते नकार आल्यावरच चालतं, आधी नाही. नकारापासून तीस दिवसांत अपील करायचं आणि त्यात या कलमाचा आकडा लिहायचा. आकडा नसला तर कंपनीने विचार करायची गरज नाही. कागद आण, सांगतो.”

मी डोळे पुसले, कागद आणला. ह्यांनी तोंडी सांगितलं, मी लिहिलं. रुग्णालयाचा दाखला सोबत, वेळेची नोंद सोबत. पाच ओळी. एवढ्या पाच ओळींत माझं इंजिन परत येणार होतं. मला हायसं वाटलं, ह्यांच्या हुशारीचा अभिमानसुद्धा वाटला, खोटं कशाला बोलू. तशा आनंदातच मी विचारलं, “असे किती जणांना मिळवून दिलेत हो तुम्ही?”

“काय?”

“हेच. कलम एकतीस.”

“कुणालाच नाही.”

“म्हणजे? सांगायची मनाई होती?”

“मनाई कशाला असेल? सांगा असं कुठे लिहिलेलं नव्हतं.” हे पांघरुणाची कड हातात घेऊन नीट करत बसले. “आणि कुणी विचारलंही नाही.”

“असे अर्ज यायचे तरी?”

“वर्षाला दोन-तीन.” मग हे म्हणाले, “एक बाई होती. पावाची गाडी चालवायची, दुकानांना पाव पोचवायची. मुलीला फिट आली, गाडीत घालून निघाली, वाटेत दिवा लागला. थांबली नाही. मुलगी वाचली. गाडी गेली, म्हणजे धंदाच गेला. तीनदा आली ऑफिसात. दर वेळी विचारायची, साहेब, मी काय करायला हवं होतं?”

“मग? काय सांगितलंत?”

“पत्र दिलं.”

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“कोण होती? पत्ता आहे? अहो, अजून काही करता येईल. हेच कलम लावून आपण तिलाही—”

“पत्ता पाठ आहे मला,” हे म्हणाले. “अकरा वर्षं झाली. अपिलाची मुदत तीस दिवस.”

खोलीत पडद्यांच्या घड्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. पंचवीस तारखेला नऊ दिवस उरले होते. ह्यांनी अपिलाचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि खाली उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. मी सही केली.