थाप

"त्या गाडीला हात लावलास ना, तर हा डबा तुझ्या टाळक्यात घालीन," मी म्हटलं.

माझा नवरा जगन शेअर जीप चालवणाऱ्या हनुमानच्या गाडीच्या दारापाशी उकिडवा बसला होता. दाराचं आतलं कव्हर काढून भिंतीला टेकवलेलं, हातात स्क्रू-ड्रायव्हर, तोंडात दोन स्क्रू. म्हणजे हात लावून झालाच होता, माझ्या धमकीला काही अर्थ नव्हता.

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे आमचा पत्र्याचा गाळा आहे. जगन गाड्यांमध्ये टेप, स्पीकर, अॅम्प्लिफायर बसवून देतो. मी दुपारी डबा घेऊन येते ती संध्याकाळपर्यंत तिथेच त्याला मदत करते. गिऱ्हाइकासमोर मी कधी तोंड वर करून बोलत नाही. त्या दिवशी बोलले. शेजारचा रसवाला ग्लास विसळायचा थांबला.

"सुंदरा, हळू," जगन स्क्रू दातात धरूनच म्हणाला.

"का हळू? कुनाची चोरी केलीय मी?"

हनुमान ड्रायव्हरच्या सीटवर बसून मोबाइलवर गाणी शोधत होता. त्याने मान वर केली नाही. "वहिनी, उद्या लग्नाचं भाडं हाय. आवाज कडक पायजे बोललेत. जगनला सोडून दुसऱ्याकडं कसा जाऊ?"

कसा जाऊ म्हणे! निर्लज्जपणाला काही सीमा? याच जीपमुळे माझ्या सासूचं खुब्याचं हाड मोडलं. त्याला अजून महिना व्हायचा होता आणि हा बाबा माझ्याच नवऱ्याकडून नवे ट्वीटर स्पीकर बसवून घ्यायला आला होता. आणि नवराही असा, की बसवून देत होता.

झालं होतं ते असं. माझी सासू भीमाबाई बाजार करून हनुमानच्या जीपने घरी येत होती. आमची वाडी शहापूर रोडला, फाट्यावर उतरून आत चालत जायचं. जीपला ना कंडक्टर असतो ना घंटी. कुणाला उतरायचं असलं की मागच्याने पत्र्यावर थाप मारायची आणि ड्रायव्हरने गाडी थांबवायची. शेंबड्या पोरालाही हे कळतं. सासू अगदी मागे, फळीवर बसलेली. फाटा आला तशी तिने थाप मारली. नेमकी तेव्हाच गाडी गतिरोधकावर हळू झाली. तिला वाटलं, आपल्यासाठीच झाली. तिने एक पाय खाली टाकला आणि गाडीने वेग घेतला. दांडी धरून ती तशीच फरपटत गेली, हनुमानला नावाने हाका मारत. बायका ओरडत होत्या, पत्रा बडवत होत्या. आत गाणं दणाणत होतं. शेवटी पुढे बसलेल्या कुणाचं तरी आरशात लक्ष गेलं. तोवर तिचा हात सुटला होता.

कल्याणला नेऊन रॉड टाकला. एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते, अपघात कुणाच्या हातात असतो? पण हनुमानने सगळीकडे सांगत सुटायला सुरुवात केली, "काकी चालत्या गाडीतनं उतरली. थाप मारली असती तर मला ऐकाला आली नसती?" ज्या बायका सोबत होत्या त्या म्हणाल्या, बाई गं, आमाला रोज त्याच्याच गाडीनं जायाचंय. आणि स्टँडवर जीपवाल्यांच्या घोळक्यात एकजण मला ऐकू जाईल अशा बेताने बोलला, "म्हातारी म्हनते थाप मारली. थापच मारली असंल!" सगळे तंबाखू मळत हसले. त्या हसण्याची आठवण झाली की अजून माझ्या कानशिलात कळ येते. उभ्या जन्मात जिने कुणाला खोटं सांगितलं नाही, तिच्या मोडक्या हाडावर हे असले विनोद!

आणि सासू? ती एका शब्दाने हनुमानला बोलली नाही. त्याचं नाव निघालं की तोंड भिंतीकडे करायची. त्याचे आईबाप वीटभट्टीवर जायचे तेव्हा हा सहा-सहा महिने आमच्याच घरी असायचा. जगनच्या ताटात जेवलेला. तिच्या तोंडी तो कायम हन्या. मला वाटायचं, त्या मायेपोटी गप्प बसते. मला त्या मायेचाही राग यायचा.

"हे धर जरा," जगनने उजेड पाडायची बॅटरी माझ्या हातात दिली.

मी धरली. राग आला म्हणून काम थोडंच थांबतं? सीटखाली अॅम्प आधीच होता, जगनने दोन वर्षांपूर्वी बसवलेला. गाडीच्या बॅटरीकडून येणारी जाड लाल वायर त्याने ओढून बघितली, अर्थिंगचा बोल्ट गंजला होता तो काढून पत्रा कानशीने घासून लख्ख केला. मग दारातले स्पीकर जोडले, प्लसला प्लस, मायनसला मायनस. ट्वीटर म्हणजे चमच्याएवढी वाटी, ती काचेच्या बाजूला वर बसते. गाण्यातली झांज, घुंगरू, बाईचा बारीक आवाज, सगळं तिच्यातून येतं. तिच्या वायरीत एक छोटा कपॅसिटर जोडावा लागतो. तो नसला तर ढोलाचे दणके तिच्यात शिरतात आणि ती जळते.

"नको लावू तो," मी त्याच्या कानाशी पुटपुटले. "जळू दे एकदाचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "कामात खोट नाय," म्हणाला आणि सोल्डरिंग गन उचलली.

इतका संताप झाला माझा! आई तिकडे पडल्या जागी लघवीला माझी वाट बघतेय आणि याला कपॅसिटरची पडलीय. बॅटरी फेकून देऊन घरी निघून जावं असं मनात आलं. पण उजेड हलला असता तर त्याचा हात भाजला असता, म्हणून उभी राहिले.

सगळं जोडून झाल्यावर जगनने हात पुसले. "हनुमान, काचा वर घे. रोज वाजवतोस तेवढाच आवाज ठेव. जास्त नको, कमी नको. बस तसाच, पुढं बघून. मी मागनं ऐकतो कसं येतंय ते."

हनुमानने गाणं लावलं. गाळ्यातल्या फळीवर ठेवलेला डबा थरथरायला लागला. जगन जीपच्या मागे गेला. मला वाटलं, खरोखरच आवाज तपासतोय. मी त्याच्यामागून गेले ती भांडायलाच.

त्याने हात उचलला आणि जीपच्या पत्र्यावर थाप मारली. एक, मग दुसरी. मग मूठ वळून मारली. धूळ खाली पडली. मग तो मागच्या दारातून आत वाकला आणि ओरडला, "हन्या! ए हन्या! थांब रं!"

जगन घरात कधी मोठ्याने बोलत नाही. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. "हन्या, थांब रं!" रसवाला चरक बंद करून बघायला लागला, स्टँडवरची माणसं वळली. पुढे हनुमान मान डोलावत होता. त्याला आरशात जगन दिसला तसा त्याने अंगठा वर केला. मस्त!

जगन पुढे गेला आणि हात घालून गाणं बंद केलं.

"कसं वाटलं?"

"एक नंबर! झांज कशी सुटी लागते."

"आनि मी हाका मारल्या त्या?"

"कदी?" हनुमान म्हणाला.

"आत्ता! आत्ता मेल्या, आत्ता!" मी किंचाळले. "अख्ख्या मुरबाडला ऐकाला आल्या. थापा पन मारल्या, मोजून घे इथल्या मानसांकडनं. माझ्या सासूला खोटी पाडतोस? जिनं तुला भरवलं तिला?"

जगनने मला थांबवलं नाही. हनुमान आरशात बघत राहिला, जणू आरशात अजून कुणी उभं होतं. त्याचा चेहरा पार उतरला. मग एकदम चिडून म्हणाला, "मंग काय करू मी? गानी नसली तर पोरं बसत नाय गाडीत. समद्यांच्याच गाड्या वाजतात."

"वाजू दे," जगन म्हणाला. अॅम्प चालू करणारी एक बारीक निळी वायर असते. त्याने ती तोडली, तिला जोड देऊन थेट मागच्या दांडीपर्यंत नेली आणि तिथे एक बटन बसवलं. उतरणाऱ्याने दाबलं की गाणं बंद. "हे काढलंस तर परत इथं येऊ नको."

हनुमानने त्या बटनाकडे एकदा पाहिलं. गाडी काढून निघाला. कोपऱ्यावर वळला आणि गाणं सुरू झालं.

"बघितलंस?" मी जगनला म्हटलं. "शरम हाय का त्याला? आनि तू, हे करायचं होतं तर आधी मला सांगाला काय झालेलं?"

जगन खाली पडलेले वायरींचे तुकडे गोळा करत होता. "मलाच बगायचं होतं," तो म्हणाला. "मला पन वाटायचं, आई घाईत उतरली असंल."

"तू पन?"

त्याने तुकडे डब्यात टाकले आणि गाळा बंद केला. मी त्याच्याशी वाटेत एक अक्षर बोलले नाही. मोटरसायकलवर त्याला धरलंसुद्धा नाही, मागची दांडी धरून बसले. पोटचा पोरगा! बाकीचे हसले ते परके तरी होते.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी मी सासूपाशी गेले. ती उताणी पडली होती. "आई, त्या हन्याचं पितळ उघडं पडलं आज! जगननं थापा मारल्या, हाका मारल्या, त्याला गाण्यात काय म्हंजे काय ऐकाला आलं नाय. आता कोन तुमाला खोटी म्हनतंय तेच बगते मी. उद्या स्टँडवर उभी राहून सांगते एकेकाला."

तिने मान माझ्याकडे वळवली. "ऐकाला नाय आलं?"

"नाय! ठोंब्यासारखा अंगठा दाखवत होता."

"नावानं हाक मारलेली?"

"नावानंच. तुमी मारली तशीच. हन्या, थांब रं म्हनून."

ती छपराकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी दोन्हीकडून कानांत उतरत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही. मी पदर पुढे केला.

"मला वाटलं," ती म्हणाली, "माजा आवाज वळखून पन थांबला नाय."

मी पदर हातात धरून तशीच बसले. जगन दारात उभा होता, त्यानेही ऐकलं.

"आई, हाड मोडलंय तुमचं!" मी ओरडले. "महिनाभर पडून हायसा! अजून काठीशिवाय चालाल का नाय देव जाने!"

"ते मोडलंच," सासू म्हणाली. "सुंदरा गो, थोडी पेज दे मला. मीठ टाकून."

दवाखान्यातून आल्यापासून तिने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. मी उठले, चूल फुंकली, पेज गरम केली. हनुमानवर राग, जगनवर राग, आणि सगळ्यांत जास्त तिच्यावर. जगनने तिला मानेखाली हात घालून उचलून धरलं. तिने वाटी दोन्ही हातांत घेतली आणि तळापर्यंत प्यायली. मग वाटी माझ्यापुढे धरली, आणि मी पुन्हा वाढली.