मोठ्यानं रडायला खोली

आमची याडी, म्हणजे आई, गेली तवा मी हिंगोलीत व्हते, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, जीनवरल्या टपरात. घरवाल्याला तिथं राखणदारी लागून फार दिवस झाले नव्हते. कयाधू नदीला पूर, पलीकडं आमचा तांडा. निरोप आला तवर सगळं उरकलं व्हतं. पुन्हा काही दिवसांनी तांड्यातल्या वसरामनं दुसरा निरोप आणला, की पाणी उतरलं म्हणजे चंदा बाजाराला येते. चंदा माझी थोरली बहीण.

आमच्यात माणूस गेल्यावर बहिणी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडतात. नुसते हुंदके न्हाई. गेलेल्या माणसाचं सगळं बोलून, सुरात. एक थांबली की दुसरी उचलते. एकटीनं ते व्हत न्हाई. चंदा भेटेस्तोवर टिपूस काढायचं न्हाई, असं मी ठरवलेलं. पण जीनवर सगळी गडी माणसं. तिथं कसलं रडता? बाजाराच्या आधी खोली पाहिजे म्हणजे पाहिजे, असा धोशाच लावला मी.

घरवाला खोली बघायचा म्हणजे कडी बघायचा, कौलं बघायचा. माझं बघणं निराळं. पहिल्या खोलीच्या मालकाला मी सरळ विचारलं, "इथं मोठ्यानं रडलं तर चालंल का?"

म्हातारा दचकला. त्यानं घरवाल्याला वरून खालून न्याहाळलं. "रूपसिंग, बायकोला मारतोस व्हय रे? माझ्या दारात अमीन यायला नको बाबा." निजामाच्या राज्यात ठाण्याच्या अमिनाला कोण भ्यायचं न्हाई? गेली ती खोली. वाटेत घरवाला उखडला, "तोंड आवरत जा जरा." मी म्हणलं, "तुमची आई जिती हाय, तुमाला काय."

दुसरी टेसनाजवळ. हवेशीर व्हती, पण गाडीच्या शिटीत माणसाचा आवाज बुडायचा. घरवाला म्हणाला, "घे, रड इथं खुशाल. कुणाला ऐकू जातंय?" बाप्या माणसाची अक्कल! रडणं ऐकू जावं म्हणूनच असतं. ऐकून बायका येतात, पाठीवर हात ठेवतात, पाणी पाजतात.

तिसरी खतीजाबीच्या अंगणातली. खतीजाबी गोधड्या शिवायची, एकटीच राहायची. तिला सांगितलं तर सुई थांबवून म्हणाली, "रड माय. त्यात काय इजाजत मागायची?" छप्पर गळत व्हतं, उंदरं व्हती. मी त्याच दिवशी बोचकं आणून टाकलं.

बाजाराच्या दिवशी चंदा आली. तिला दारात बघितलं अन् मी उठलेच. तिच्या गळ्यात हात टाकले, खांद्यावर डोकं ठेवलं, "याडी गं" म्हणून सूर लावला. पुढचा बोल तिनं उचलायचा.

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप. शहर हाय हे. लोक जमतील, तुझी खोली जाईल."

"ही खोली त्याच्यासाठीच घेतली, बाई. घरमालकिणीला विचारून घेतली."

चंदानं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे कोरडे व्हते. मग माझे केस मागं सारत लई मायेनं म्हणाली, "अगं, माझं रडून झालं. तांड्यात समद्या बायका मिळून रडलो आमी, रोज. आता येतच न्हाई मला."

ती खोटं बोलत नव्हती, म्हणून मला रागबी धरता येईना. भाकर वाढली. ती जेवली, खोली चांगली हाय म्हणाली. मिरच्या घ्यायच्या राहिल्यात म्हणून ऊन कलायच्या आत बाजारात गेली.

मी दार उघडं ठेवून बसले. सूर लावून बघितला, पुन्हा लावून बघितला. दर बारीला माझा बोल संपायचा अन् पुढचा उचलायला कुणीच न्हाई.