सर्वसाधारण प्रश्न

मास्तर दर रविवारी सकाळी फोनसमोर बसून धर्माचा पाठ घेत आणि बरीच घरं तो थेट बघत. पलीकडच्या खोलीत त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, ताईंकडे, दुसरा फोन असे. लोकांच्या कॉमेंट्सवर नजर ठेवायचं काम त्यांचं. ताईंचा अख्खा जन्म ग्रंथालयात 'शांतता राखा' म्हणण्यात गेलेला. तीच सवय इथेही चालली. 'धन्य झालो मास्तर' राहू द्यायचं, आणि कुणी 'पण' म्हणून सुरुवात केली की पुढचं न वाचताच पुसायचं. धाकट्याचा जीव हळवा, उगाच मनाला लावून घेईल, असं त्यांचं म्हणणं.

एका रविवारी दाढ ठणकली म्हणून ताई डॉक्टरांकडे गेल्या. परतल्या तेव्हा पाठाची वेळ कधीच टळली होती, तरी मास्तर बाह्या सरसावून फोनसमोरच.

"देवाला सगळं कळतं, मग मागावं का लागतं, असं कुणीतरी विचारलंय," ते खुशीत म्हणाले. "मी उत्तर देतोय आणि हे लोक ते खोडून काढताहेत."

"बंद कर ते," सुजलेला गाल धरून ताई बोबडं बोलल्या.

"मला वाटायचं, सगळे ऐकता ऐकता पेंगतात. ताई, आजवर असे प्रश्न आलेच नाहीत?"

"यायचे अधूनमधून," ताई खिडकीकडे बघत म्हणाल्या.

मास्तर काय ते समजले. रागावले नाहीत, नुसते हसले. ताईंना तेच जास्त झोंबलं.

"मग आता तूच विचार एखादा," मास्तरांनी खुर्ची सरकवली.

आढेवेढे घेत ताई बसल्या. "माफ करावं म्हणतोस. पण समोरच्याने माफीच मागितली नसेल तर?"

"कुणाबद्दल विचारतेस?"

"सर्वसाधारण आहे. समजा, एखाद्याने बहिणीची सायकल तिला न विचारता मित्राला देऊन टाकली."

मास्तरांनी घसा खाकरला. "ताई, तेव्हा मी शाळेत होतो."

"ग्रंथात काही मुदत दिलीय का?"

फोनवर कॉमेंट्सची झुंबड उडाली. 'ताईंचं बरोबर आहे.' 'मास्तर, विषय टाळू नका.' मास्तर पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि शेवटी, सगळ्यांदेखत, बहिणीकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं."

ताई पदराने गाल दाबत म्हणाल्या, "घंटी फार गोड वाजायची रे तिची."